शरदिनीच्या वाट्याचा व्हेरी

ढुंढिराजपंत आठल्यांनी त्या साली 'व्हेरी' हा इंग्रजी शब्द जो टाकला तो टाकलाच. आता ज्यानं उमेदीची सारी वर्षं इंग्रजीचा दुय्यम मास्तर म्हणून काढली, त्यानं हा शब्द टाकायचा म्हणजे भटजीनं 'स्वाहा' टाकण्यातली गत. पौषातल्या सकाळी काशीच्या घाटावर एखादा साहेब भेटला आणि थंडीबद्दल बोलू लागला, की पंत 'कोल्ड' म्हणून थांबत आणि उरलेली थंडी कुडकुडून दाखवत. कुणाला वाटे म्हातारपण आलं, कुणाला वाटे इंग्रजी विसरले. खरं कारण त्यांच्या घरातल्या माणसांनाच ठाऊक होतं.

सांगायचं तर एका वाक्यात सांगता येईल. पंतांनी तो शब्द साऱ्या दुर्गाघाटाला वाटला, स्वतःच्या मुलीला द्यायच्या वेळी मात्र हात आखडता घेतला, आणि त्यापायी शरदिनीची शाळेतली जागा गेली. पण असं एका वाक्यात सांगितलं तर पंत अगदीच मूर्ख ठरतील, आणि ते तसे नव्हते. निदान अगदीच नव्हते. तेव्हा जरा सविस्तर सांगणं भाग आहे.

दिल्लीदरबार होऊन वर्ष उलटलं असेल. पंतांच्या शेजारचा वेणीमाधव पाध्ये एका कचेरीत कारकुनीसाठी अर्ज घालत होता, आणि अर्जासोबत कुणातरी प्रतिष्ठित गृहस्थाचं इंग्रजी शिफारसपत्र हवं होतं. दुर्गाघाटावर प्रतिष्ठित गृहस्थांना तोटा नव्हता. दशग्रंथी होते, शास्त्री होते, अग्निहोत्री होते. पण इंग्रजी लिहिणारे एकटे ढुंढिराजपंत. पंतांनी चष्मा लावला, बोरू बाजूला ठेवून टाक घेतला आणि लिहिलं की वेणीमाधव इज अ गुड बॉय.

वेणीमाधवनं कागद उलटून मागं काही आहे का ते पाहिलं.

"बस, काका? सिर्फ गुड? गुड तर कुणी बैलालाही म्हणेल."

"अरे, गुड म्हणजे चांगला. तू चांगलाच आहेस ना?"

"लेकिन साहेबाकडं दुसऱ्यांचेही कागद जाणार. एक ठो व्हेरी लगा दीजिए न, काका. तुमचं काय जातं?"

इथं पंतांमधला मास्तर जागा झाला. त्यांनी वेणीमाधवला समोर बसवून व्हेरी म्हणजे काय ते समजावलं. व्हेरी म्हणजे अति. स्वतःला त्याला काही अर्थ नाही. पुढं जो शब्द येईल त्याचं वजन तो वाढवतो. थंड असेल त्याला फार थंड करतो, लबाड असेल त्याला फार लबाड. तेव्हा तो मिठासारखा जपून घालावा. वेणीमाधव म्हणाला, "मग घाला की चिमूटभर." पंतांनी घातला. महिन्याभरात वेणीमाधव कचेरीत चिकटला.

त्या कचेरीत हेडक्लार्कच्या खुर्चीवर वेणीमाधवचा सख्खा मामा बसत होता ही गोष्ट गल्लीला ठाऊक नव्हती असं नाही. पण मामा सगळ्यांनाच असतो, व्हेरी एकट्या वेणीमाधवलाच मिळाला होता. गल्लीनं यशाचं श्रेय व्हेरीला देऊन टाकलं, आणि दुसऱ्या दिवसापासून पंतांचा ओटा भरू लागला. नावाड्याला साहेबलोकांना दाखवायला कागद हवा होता. वैद्यांना चूर्णाच्या बाटलीवर चिकटवायला हवा होता. एका पहिलवानाला तर कशासाठी हवा होता हेही त्याला सांगता येईना. त्याला फक्त व्हेरी हवा होता, आणि तो मिळेपर्यंत तो ओट्यावरून उठणार नव्हता.

पंतांना हे आवडलं. आवडलं हे पुढं त्यांनी स्वतःशी कबूल केलं, त्या दिवसांत मात्र ते म्हणत, "लोकांचा आग्रह मोडवत नाही." मास्तर असताना त्यांना कुणी फारसं विचारलं नव्हतं. आता सकाळी संध्येला बसले तरी दाराशी कुणीतरी खाकरत असे.

मग तंटे सुरू झाले. ज्याला एक व्हेरी मिळाला होता त्यानं दुसऱ्याच्या कागदावर दोन पाहिले आणि परत आला. दोनवाल्यानं कुणा तीनवाल्याची बातमी आणली. बायका गंगेवर आंघोळीला गेल्या की एकमेकींच्या नवऱ्यांचे व्हेरी काढू लागल्या. एके दिवशी वैद्यांनी भर गल्लीत विचारलं, "आठल्ये, हे तुम्ही कोणत्या आधारानं वाटता? की मनाला येईल तसं?" मनाला येईल तसं, हा आरोप पंतांच्या फार वर्मी लागला. जन्मभर शिस्तीत काढलेल्या माणसाला याहून मोठी शिवी नाही.

त्यांनी रात्रभर विचार केला आणि सकाळी त्यांना आधार सापडला. काशीत पत्र लिहिताना कुणाच्या नावाआधी किती श्री लावायचे याचा हिशेब पूर्वीपासून ठरलेला आहे. गुरूला सहा, धन्याला पाच, शत्रूला चार, मित्राला तीन, चाकराला दोन, आणि बायकोमुलांना एक. श्री म्हणजे मान, आणि व्हेरी म्हणजे तरी काय, मानच. पंतांनी तोच हिशेब व्हेरीला लावला आणि ओट्यावर जाहीर करून टाकला. कुठल्याही इंग्रजी व्याकरणकाराला हे सुचलं नव्हतं, असं ते चारचौघांत बोलूनही गेले.

हा हिशेब पत्रांत पिढ्यान्‌पिढ्या बिनबोभाट चालला होता, कारण पत्र ज्याचं तोच वाचतो. इथं सगळे सगळ्यांचे कागद वाचून घेत होते. वेणीमाधवचे वडील बिंदुमाधव हे पंतांचे लहानपणापासूनचे मित्र. त्यांना तीन मिळाले. समोरच्या घरातले दिनानाथशास्त्री यांच्याशी पंतांचं गल्लीतल्या नालीच्या पाण्यावरून जुनं वैर. त्यांना चार मिळाले. बिंदुमाधव कागद घेऊन आले आणि उभ्या उभ्याच म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं तुमच्याशी भांडलो असतो तर फायद्यात राहिलो असतो." पंतांनी पुष्कळ समजावलं की शत्रूला जास्त मान देण्यात शास्त्रकारांची दूरदृष्टी आहे. बिंदुमाधवांनी ती दूरदृष्टी पंतांपाशीच ठेवली आणि बरेच दिवस ते त्यांच्याशी बोलले नाहीत. उलट ज्यांचं पंतांशी काडीचं वाकडं नव्हतं अशी काही मंडळी मुद्दाम येऊन त्यांना टाकून बोलू लागली, आणि बोलून झालं की हात पुढं करून चार व्हेरींचा कागद मागू लागली.

दिनानाथशास्त्र्यांचं चारांवरही भागलं नाही. "आठल्ये," ते म्हणाले, "तुम्ही संस्कृत कुणापाशी शिकलात? आमच्या तीर्थरूपांपाशी. मतलब मी तुमचा गुरुपुत्र. गुरुपुत्र गुरूच्या जागी. सहा काढा." वैर खरं होतं, पण गुरूही खरे होते. पंतांनी सहा काढले, आणि शास्त्रीबुवा ते घेऊन नालीचं पाणी पुन्हा पंतांच्या दाराकडं वळवायला गेले.

सहा सहा व्हेरी लिहून बोटं दुखू लागली तेव्हा पंतांनी आणखी एक सोय केली. मोठ्या माणसांच्या नावाआधी श्री पाच वेळा न लिहिता आपण 'श्री ५' लिहितो. तसंच त्यांनी 'व्हेरी ५' लिहायला सुरुवात केली. नावाड्याच्या भावाचा असा कागद कुठल्याशा कचेरीत गेला. तिथून उत्तर आलं की सोबतचं व्हेरी क्रमांक पाच पोचलं, परंतु व्हेरी क्रमांक एक ते चार जोडलेली दिसत नाहीत, ती त्वरित सादर करावीत, त्याशिवाय अर्जाचा विचार होणार नाही. नावाड्याचा भाऊ ती चार व्हेरी मागायला पंतांकडं आला. पंतांनी चार वेगवेगळ्या कागदांवर एकेक व्हेरी लिहून त्याला दिला. कचेरीनं ते दप्तरी दाखल करून घेतले आणि जागा दुसऱ्यालाच दिली.

यावर शहाण्या माणसानं बोध घेतला असता. पंतांनी इतकाच घेतला की पुन्हा शब्द पूर्ण लिहायला सुरुवात केली.

या सगळ्या धामधुमीत आतल्या पडवीत शरदिनी गल्लीतल्या मुलींना शिकवत असे. ती पंतांची एकुलती एक मुलगी. लग्न होऊन सासरी गेली आणि कुंकू पुसून लगेच माघारी आली, त्याला आता बरीच वर्षं झाली होती. त्या वेळी पंतांनी एक गोष्ट केली होती. तिचे केस काढू दिले नाहीत. त्यापायी बराच काळ त्यांच्या घरी श्राद्धाला ब्राह्मण येईना. पंत एकटेच पिंड घेऊन घाटावर जात आणि कुणाला उणं बोलत नसत. हे सांगितलं पाहिजे, कारण माणूस भित्रा नव्हता.

शरदिनीला शिकवणं येत होतं. पंतांना जन्मभर जे साधलं नाही ते तिला साधलं होतं. मूल चुकलं की पंत बरोबर उत्तर सांगून मोकळे होत, ती आधी विचारी, "तुला असं का वाटलं?" आणि मूल सांगू लागलं की ऐकत बसे. बकुळ नावाच्या एका मुलीला सारी गल्ली मंद म्हणत होती. ती शरदिनीपाशी एका पावसाळ्यात वाचायला शिकली आणि घरी जाऊन बापाची पत्रं त्याच्याआधी वाचू लागली. पंत ओट्यावरून हे ऐकत. कधी कधी त्यांचा टाक थांबे. बोलून मात्र ते कधी दाखवत नसत, कारण आपल्या मुलाचं कौतुक त्याच्या तोंडावर करायचं नसतं, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी कधीही कौतुक न करता शिकवलं होतं.

त्याच सुमारास जवळच मुलींची एक नवी शाळा निघाली. चालवणारी मिस थॉर्नबी नावाची मेम नुकतीच विलायतेहून आलेली. तिला मराठी मुलींसाठी एक शिक्षिका हवी होती. शरदिनीनं जन्मात काही मागितलं नव्हतं. त्या दिवशी पंत जेवायला बसले असताना ती वाढता वाढता म्हणाली, "नाना, मी त्या शाळेत जाऊ का शिकवायला?" आणि उत्तर येईपर्यंत ताटातल्या भातावर तूप वाढतच राहिली. पंतांनी लगेच हो म्हटलं. शरदिनीच्या आईचे, अन्नपूर्णाबाईंचे, डोळे भरून आले आणि त्यांनी ते भाजीच्या वाफेवर ढकललं.

गल्लीत अर्थात धर्म बुडाला. दिनानाथशास्त्र्यांनी ओट्यावर येऊन तो बुडाल्याचं स्वतः कळवलं. पण पुढं कळलं की शाळेच्या समारंभात शिक्षिकेला व्यासपीठावर बसवणार आहेत आणि मोठमोठे लोक येणार आहेत, तेव्हा शास्त्रीबुवांनी बुडालेला धर्म पुन्हा वर काढला आणि त्या जागेसाठी आपल्या विधवा भाचीचं, कालिंदीचं, नाव दिलं. कालिंदी बिचारी हसरी, गोड मुलगी. तिला मुळाक्षरांत 'ढ'पर्यंत नीट येत होतं आणि शाळेचं नाव काढलं की रडू फुटत होतं.

मेमसाहेब दोघींना बोलावून परीक्षा घेणार होती. तशी घेतली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण गल्लीतल्या वडील मंडळींची सभा भरली आणि असं ठरलं की घरंदाज बायकांची परीक्षा परक्या माणसानं घ्यायची नाही. जी काय निवड करायची ती प्रतिष्ठित गृहस्थांच्या शिफारसपत्रावरून करावी. या ठरावाला सर्वांत मोठ्यानं 'योग्य आहे' कोण म्हणालं असेल? इंग्रजी लिहिणारे प्रतिष्ठित गृहस्थ एकटे पंतच होते ना.

पंत शरदिनीचा कागद लिहायला बसले. आंघोळ करून, सोवळं नेसून बसले. पहिल्या ओळीतच त्यांनी 'व्हेरी गुड' लिहिलं, थोडा वेळ त्याकडं पाहिलं आणि त्यांचे कान गरम झाले. त्यांनी तो कागद फाडला.

"का फाडलात?" अन्नपूर्णाबाई दारात उभ्या होत्या.

"व्हेरी पडला होता."

"मग? असू द्या की. सगळ्या गल्लीला देता. त्या मेल्या पहिलवानाला पाच दिलेत."

"तो परका आहे. अगं, स्वतःच्या पोटच्या पोरीचं कौतुक स्वतःच लिहायचं? वाचणारी म्हणेल, बापच ढोल वाजवतो आहे."

"तुमच्या त्या हिशेबात मुलांना एक असतो ना? तो एक तरी द्या."

"ते दुसऱ्यानं लिहिलं तर. आणि," पंतांचा आवाज उतरला, "एकदा दृष्ट लागली आहे तिला. पुन्हा कशाला?"

पंतांनी नव्या कागदावर लिहिलं की शरदिनी ही माझी मुलगी असून ती चांगली शिकवते. गुड, इतकंच. सही केली. आपण किती संयमानं लिहिलं याचं त्यांना समाधान वाटलं, आणि कागद पाकिटात घालून द्यायला त्यांनी तो शरदिनीच्याच हाती दिला.

त्याच दुपारी दिनानाथशास्त्री कालिंदीच्या कागदासाठी आले. गुरूच्या घरची नात. शास्त्रीबुवा एकेक व्हेरी बोटांवर मोजून घेत होते. सहा पुरे झाल्यावर त्यांनी शाई वाळेपर्यंत फुंकर घातली आणि म्हणाले, "आठल्ये, माणूस तुम्ही दिलदार."

आठवड्याभरानं मेमसाहेबानं पंतांना बोलावलं. पंत पगडी, उपरणं आणि नव्यासारखा दिसणारा जुना अंगरखा घालून गेले. शाळेच्या फाटकाशी नवा दरवान विश्वेश्वर सलाम ठोकून उभा होता. त्याच्या शिफारसपत्रावर पंतांचेच पाच होते, आणि उभ्या उभ्या झोपण्याबद्दल तो साऱ्या घाटावर प्रसिद्ध होता. आत टेबलावर मेमसाहेबानं पंतांचीच पत्रं मांडून ठेवली होती. दरवानाचं, दाईचं, संस्कृतच्या पंडितांचं, पाणी भरणाऱ्याचं, कालिंदीचं. शाळेत नोकरीला आलेल्या प्रत्येकाच्या हाती पंतांचाच कागद होता.

ती इंग्रजीत बोलली, सावकाश, आणि पंत मनातल्या मनात मराठी करत तिच्या मागून चालले.

"पंडितजी, आपण फार उदार मनाचे आहात. सगळ्यांबद्दल आपण चांगलंच लिहिता. पण एका पत्रानं माझ्या मनात आपल्याबद्दल खरा आदर उत्पन्न केला. आपल्या मुलीच्या."

पंतांनी मान लववली. संयमाची कदर झाली होती.

"आमच्याकडंही हीच रीत आहे. एखाद्याबद्दल खोटं लिहवत नसेल आणि नाहीही म्हणवत नसेल, तर सभ्य माणूस 'गुड' लिहितो आणि थांबतो. वाचणाऱ्यानं काय ते समजावं. बाप असून आपण दुसऱ्याच्या मुलीला सहा दिलेत आणि स्वतःच्या मुलीला एकही देऊ शकला नाहीत. आपल्याला ते किती जड गेलं असेल ते मला कळतं. मी कालिंदीबाईंना नेमलं आहे. आपल्या मुलीला मी कारण सांगणार नाही."

पंत अजून 'सभ्य माणूस' इथपर्यंतच मराठी करत आले होते. तेवढ्यात मेमसाहेब उठली आणि तिनं हात पुढं केला. आजवर एकाही साहेबानं पंतांचा हात हातात घेतला नव्हता. खिडकीशी विश्वेश्वर जागा होऊन पाहत होता, दाई पाहत होती. पंतांनी हात दिला, छाती काढली आणि म्हणाले, "थँक यू व्हेरी मच."

उरलेलं मराठी घाटाच्या पायऱ्यांवर झालं. ते खाली बसले. शेजारी कुणी कपडे आपटत होतं, त्याचं पाणी अंगरख्यावर उडत होतं, पण त्यांना उठवेना. आपण कशाबद्दल आभार मानून आलो हे त्यांना एकेक शब्द करत कळत गेलं. परत जाऊन सांगावं तर काय सांगावं? की मी बाकी सगळं खोटं लिहिलं? तो विश्वेश्वर, ते पंडित, ती कालिंदी, सगळ्यांच्या भाकरीवर पाय? आणि मी हात मिळवून आभार मानले ते?

घरी कळल्यावर अन्नपूर्णाबाई त्यांना एक शब्दही टाकून बोलल्या नाहीत, याचाच पंतांना जास्त त्रास झाला. त्या फक्त म्हणाल्या, "पुन्हा लिहा." वेणीमाधव सल्ला द्यायला आला. "काका, अब आधा काम मत कीजिए. महंतांना श्री एकशे आठ लावतात ना? ताईला एकशे आठ व्हेरी लावा. पूरा लिखिए, आकडा नको." कचेरीचा अनुभव त्याच्यापाशी होता. पंत पहाटे गंगेत बुडी मारून आले आणि लोक रामनाम लिहितात तसे पाटावर बसून व्हेरी लिहू लागले. एका बाजूला अन्नपूर्णाबाई जपमाळेवर मोजत होत्या. पान भरलं, दुसरं भरलं, आणि शेवटी गुड आलं. शरदिनी चुलीशी बसून भाकऱ्या थापत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही.

मेमसाहेबाचं उत्तर संध्याकाळीच आलं, तेही प्रेमळ. आपल्यावर घरून किती दडपण आलं असेल याची मला कल्पना आहे, तिनं लिहिलं होतं. पण आपलं पहिलं पत्र तेच आपलं खरं पत्र असं मी मानते.

पंतांचा ओटा त्या दिवसापासून बंद झाला. लोक आले, खाकरले, रागावून गेले. पहिलवान तेवढा काही दिवस येऊन बसत राहिला.

शाळा सुरू झाली. कालिंदी पहिल्या दिवशी रडत गेली आणि रडत आली, आणि मामांची नजर चुकवून थेट पंतांच्या पडवीत शिरली. "शरूताई, मला काहीच येत नाही ग. त्या पोरी विचारतात आणि मी नुसती हसते. मेमसाहेब बाहेरून बघते. काय करू मी?" शरदिनीनं तिच्यापुढं पाटी ठेवली. "उद्या काय शिकवायचं आहे?" तेव्हापासून रोज दिवेलागणीला कालिंदी यायची, दुसऱ्या दिवशीचा धडा शिकून जायची, आणि तो शाळेत जसाच्या तसा म्हणायची. "तुला असं का वाटलं?" हेसुद्धा ती शरदिनीच्या आवाजात विचारू लागली. वर्षअखेरीच्या समारंभात मेमसाहेबानं व्यासपीठावर कालिंदीच्या शिकवण्याच्या पद्धतीचं कौतुक केलं. दिनानाथशास्त्री पहिल्या रांगेत होते. पंत गेले नव्हते.

त्या संध्याकाळी कालिंदी समारंभातला हार घेऊन आली आणि शरदिनीच्या पायांवर ठेवून पळून गेली. शरदिनीनं तो उचलून देवापुढं ठेवला आणि पाट्या पुसायला बसली. पंत ओट्यावरून उठून आत आले. मुलीशी बोलायला असं ते कधी आत येत नसत.

"शरू," ते म्हणाले, "त्या मेमेला काही समज नाही."

"त्यांचं काय चुकलं, नाना? त्यांनी तुम्ही लिहिलेलंच वाचलं."

"अगं, ते मी रीतीनं लिहिलं. आपल्या माणसाचं आपण..." पंत खाली बसले आणि सांगू लागले. श्रींचा हिशेब सांगितला, वडिलांनी काय शिकवलं ते सांगितलं, दृष्टीचं सांगितलं, लोक काय म्हणाले असते ते सांगितलं. शरदिनीनं मध्ये एकदाही टोकलं नाही. चुकलेल्या मुलीचं ऐकावं तसं तिनं सारं ऐकून घेतलं.

"मला ही रीत ठाऊक नव्हती," ती म्हणाली. "पाकिटात घालताना मी तो कागद वाचला. मला वाटलं, सगळ्यांना तुम्ही उगीच देता, पण माझ्या वेळी खरं तेच लिहिलंत. बकुळला वाचायला येऊ लागलं तेव्हा मला वाटायचं, मला बरं येतं शिकवता. तो कागद वाचला आणि वाटलं, नाही, नानांना जास्त कळतं. मग मीही स्वतःला तेवढीच धरली."

"नाही ग. तसं नाही. तू..."

शरदिनीचा हात पाटीवर थांबला. ती वाट पाहत होती, आणि वाट पाहते आहे हे तिनं लपवलं नाही. पंतांना काही इंग्रजी बोलायचं नव्हतं. साधं मराठी बोलायचं होतं, घरात, दार लोटलेलं असताना, स्वतःच्या मुलीशी. त्यांनी उपरण्यानं तोंड पुसलं.

"तू चांगली शिकवतेस," ते म्हणाले.

"बरं, नाना," शरदिनी म्हणाली, आणि पाट्या एकावर एक ठेवून आत गेली. पंतांनी ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं, तेव्हा ते 'फार'सकट नीट आलं. पण तोवर ती पोळ्या लाटायला बसली होती.